विश्लेषण : खाली दगड, वर विटा! औंढा नागनाथच्या मंदिरातून समजून घ्या अहिल्याबाई होळकरांची बांधकामाची रीत

औंढा नागनाथच्या मंदिराला प्रदक्षिणा घालताना भाविकांची नजर सहसा भिंतीवरच्या मूर्तींवर खिळते. ती थोडी वर नेली की एक फरक लगेच दिसतो. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोनाकोनांचा आणि नखशिखांत कोरलेला आहे. वरचा भाग विटा-चुन्याचा, गिलावा केलेला आणि त्यामानाने साधा आहे. मंदिर एकच, पण ते दोन काळांत आणि दोन वेगळ्या पद्धतींनी उभे राहिले आहे.

खालचे बांधकाम यादवकाळातले. वरच्या भागाचे श्रेय परंपरेने पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांना दिले जाते. दोन्हींमध्ये सुमारे पाचशे वर्षांचे अंतर आहे.

औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. मात्र १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत हे ज्योतिर्लिंग परभणी जिल्ह्यातच होते. त्यामुळे जिंतूर, सेलू, मानवतच्या जुन्या पिढीसाठी औंढा अजूनही आपल्याच जिल्ह्यातले देवस्थान आहे.

अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ मध्ये ३०० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी चोंडीला झाली आणि राज्यातील काही मोठ्या तीर्थस्थळांच्या विकास आराखड्यांना तिथे मंजुरी देण्यात आली. देशभर मंदिरांचे परिसर मोठे होत आहेत आणि त्या प्रत्येक चर्चेत अहिल्याबाईंचे नाव निघते. पण त्यांनी मंदिरे नेमकी कशी बांधली? पैसा कुठून आणला? आणि बांधलेले टिकावे म्हणून काय केले? समजून घेऊ.

एका नजरेत

१७२५ : चोंडी येथे जन्म
१७३३ : खंडेराव होळकर यांच्याशी विवाह
१७५४ : कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांचा मृत्यू
१७६६ : सासरे मल्हारराव होळकर यांचे निधन
१७६७ : पुत्र मालेराव यांचे निधन, राज्यकारभार हाती
१७८० : काशी विश्वनाथ मंदिर
१७८३ : सोमनाथ येथील मंदिर
१७८७ : गयेचे विष्णुपद मंदिर
१७९५ : महेश्वर येथे निधन

कोण होत्या अहिल्याबाई?

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडी गावात झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना शिकवण्याची पद्धत नसलेल्या त्या काळात त्यांनी लेकीला घरीच लिहा-वाचायला शिकवले.

मराठ्यांचे माळव्यातील सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीला सून म्हणून निवडले. १७३३ मध्ये त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढे त्यांना मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली.

मल्हारराव वर्षातले बरेच महिने स्वारीवर असत. मागे महालांचा वसूल, दारूगोळा, तोफा, बैल, पत्रव्यवहार हे सगळे पाहणारे कुणीतरी हवे होते. ते काम हळूहळू सुनेकडे आले. बांधकामाचा विचार करताना हा भाग महत्त्वाचा आहे. माणसे, माल आणि पैसा वेळेवर कसा पोहोचवायचा, याचे शिक्षण त्यांना मंदिरांच्या आधी लष्कराच्या पुरवठ्यातून मिळाले होते.

सत्ता त्यांच्या हाती कशी आली?

१७५४ मध्ये राजस्थानातील कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेरावांचा मृत्यू झाला. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवले. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या.

मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर बसलेले मालेरावही वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये वारले. घरात कर्ता पुरुष उरला नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि रघुनाथराव पेशवे फौजेसह माळव्याकडे निघाले.

अहिल्याबाईंनी प्रतिकाराची तयारी केली, इतर मराठा सरदारांना पत्रे पाठवली आणि पुण्यात माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. माधवरावांनी त्यांचा कारभार मान्य केला. रघुनाथरावांना न लढता परतावे लागले.

यानंतर कामाची वाटणी झाली. फौज तुकोजीराव होळकर सांभाळणार आणि मुलकी कारभार व खजिना अहिल्याबाई पाहणार. राजधानी म्हणून त्यांनी नर्मदेकाठचे महेश्वर निवडले. पुढची २८ वर्षे कारभार तिथूनच चालला.

औंढ्याचे मूळ मंदिर कसे होते?

औंढ्याचे खालचे मंदिर ज्या शैलीत आहे तिला आपण हेमाडपंती म्हणतो. हे नाव देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत याच्यावरून पडले. प्रत्यक्षात या पद्धतीची अनेक मंदिरे हेमाद्रीच्या आधीपासून बांधली जात होती.

या पद्धतीची तीन वैशिष्ट्ये औंढ्यात स्पष्ट दिसतात.

पहिले, मंदिराचा तळ. तो चौकोनी नसून ताऱ्यासारखा आहे. चौकोन थोडा थोडा फिरवत नेला की भिंतीला अनेक कोन पडतात. त्यामुळे मूर्ती कोरायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि दिवसभर उन्हाची तिरीप बदलत असल्याने कोरीव काम उठून दिसते.

दुसरे, जोडकाम. दगड एकमेकांत बसतील असे खाचा आणि कुसू ठेवून घडवले जात. सांध्यात चुना भरण्याची गरज नसे. दगडाचे वजन हेच दगडाला जागेवर धरून ठेवत असे.

तिसरे, गाभारा. औंढ्याचे शिवलिंग जमिनीच्या पातळीच्या खाली, लहानशा तळघरात आहे. तिथे अरुंद पायऱ्यांनी, वाकून उतरावे लागते. आणखी एक वेगळेपण म्हणजे इथला नंदी मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. संत नामदेवांसाठी देवळाचे तोंड फिरले, ही वारकरी परंपरेतील कथा याच जागेशी जोडलेली आहे. नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या भेटीचे स्थानही औंढाच मानले जाते.

मराठवाड्यातील यादवकालीन मंदिरांपैकी बहुतेकांची मूळ शिखरे आज शिल्लक नाहीत. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे त्याचे जवळचे उदाहरण. तिथे मंदिरे, दगडी स्तंभ, बारव असा यादवकाळाचा मोठा ठेवा आहे, पण बराचसा सुटा आणि भग्न. आक्रमणे, दुर्लक्ष आणि पावसाचे मुरणारे पाणी अशी याची अनेक कारणे आहेत. औंढ्याचा वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला, असे परंपरा सांगते.

वरचा भाग विटांचाच का?

अठराव्या शतकात असे मंदिर दुरुस्त करायला घेतले तर पहिला प्रश्न वजनाचा येतो. घन बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण २.८ ते ३ टन भरते. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला साधारण १.९ टन, म्हणजे सुमारे एकतृतीयांशाने कमी. ज्या भिंतींनी एकदा घाव सोसला आहे, त्यांच्यावर पुन्हा तेवढाच भार टाकणे धोक्याचे. विटांचे शिखर हलके असल्याने जुन्या पायाला आणि भिंतींना झेपते.

दुसरा प्रश्न उचलण्याचा. मोठा घडीव दगड उंचावर नेण्यासाठी भक्कम पाड, उतरंड, बैल आणि भरपूर माणसे लागतात. वीट मात्र एक माणूस डोक्यावरून नेऊ शकतो.

तिसरा प्रश्न कारागिरांचा. यादवांचे राज्य संपून साडेचारशेहून अधिक वर्षे उलटली होती. मूर्तीने भरलेली दगडी भिंत घडवणाऱ्या पाथरवटांची परंपरा या भागात पूर्वीच्या प्रमाणात उरली नव्हती. मधल्या काळात दख्खनमध्ये विटा, चुना, कमान आणि घुमट यांचे काम करणारे गवंडी तयार झाले होते. मराठा काळातील मंदिरांवर ही सगळी छाप दिसते. शिखर विटांचे, त्यात कोनाड्यांच्या ओळी, कोनाड्यांत चुन्याच्या मूर्ती आणि वर घुमटाकार कळस.

चौथी बाब चुन्याची. चुन्याचा दर्जा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो. तो किंचित लवचीक राहतो आणि आत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. जुन्या दगडाशेजारी तो चांगला नांदतो. आज जुन्या देवळांच्या डागडुजीत सिमेंट वापरले की नेमकी उलटी अडचण येते. सिमेंट कडक असते, ओल अडवते आणि शेवटी शेजारच्या दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

थोडक्यात, औंढ्याच्या मंदिरात दगड जिथे संपतो आणि वीट सुरू होते, ती रेषा लपवलेली नाही. जे उभे होते ते ठेवले, जे पडले होते ते हाताशी असलेल्या मालात आणि माणसांत उभे केले. जुन्याची नक्कल करण्याचा खटाटोप केला नाही.

ही रीत फक्त औंढ्यापुरती होती का?

नाही. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराच्या पुनर्बांधणीचे श्रेय होळकर घराण्याला, विशेषतः गौतमाबाई आणि अहिल्याबाई या सासू-सुनेला दिले जाते. तिथेही शिखराचा खालचा भाग तांबूस दगडाचा आणि वरचा विटा-चुन्याचा आहे. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथच्या जीर्णोद्धाराशीही अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. म्हणजे मराठवाड्यातील तिन्ही ज्योतिर्लिंगांवर त्यांच्या काळाची खूण आहे.

मात्र प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच साचा वापरलेला दिसत नाही. जागा आणि परिस्थिती पाहून उपाय बदलला.

काशीत विश्वनाथाचे जुने मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आदेशाने पाडले गेले होते आणि त्या जागी ज्ञानवापी मशीद उभी होती. ते मंदिर पुन्हा उभारण्याचे मराठ्यांचे आधीचे प्रयत्न पुढे गेले नव्हते. अहिल्याबाईंनी शेजारची जागा घेऊन १७८० मध्ये नवे मंदिर पूर्ण केले. जागा दाटीवाटीची असल्याने मंदिर आटोपशीर ठेवले. त्याच्या शिखरावर दिसणारे सोने पुढे एकोणिसाव्या शतकात पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी दिले.

सोमनाथला १७८३ मध्ये त्यांनी मूळ भग्न मंदिराला हात न लावता जवळच नवे मंदिर बांधले. तिथे मुख्य लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे आणि वर दुसरे मंदिर आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या या देवस्थानाने अनेक हल्ले पाहिलेले असल्याने गाभारा सुरक्षित ठेवण्याचा विचार त्यामागे असल्याचे मानले जाते.

गयेत फल्गू नदीकाठी मात्र त्यांनी दगडाचेच काम केले. विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये करड्या ग्रॅनाइटमध्ये उभे राहिले. त्याचे शिखर सुमारे ३० मीटर उंच आणि अष्टकोनी आहे. दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले आहेत. या कामासाठी जयपूरकडचे कारागीर आणल्याचे सांगितले जाते.

काशी, सोमनाथ, गया यांपैकी एकही ठिकाण होळकरांच्या राज्यात नव्हते. मराठवाड्याचा मोठा भागही तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. जालना जिल्ह्यातील अंबडसारखे काही परगणे होळकरांकडे होते, तरी औंढा, परळीसारख्या ठिकाणी काम करायचे तर तिथल्या सत्तेशी जुळवून घेणे आणि स्थानिक माणसांवर काम सोपवणे भाग होते. महेश्वरात बसून एवढ्या लांबची कामे चालवायची, तर पत्रे, हुंड्या आणि विश्वासू कारकून हेच साधन होते.

मंदिर परिसर म्हणजे काय काय?

आज मंदिर विकास म्हटले की प्रवेशद्वार, रुंद रस्ते, दर्शनमंडप, वाहनतळ डोळ्यांसमोर येतात. अहिल्याबाईंच्या कामांची यादी पाहिली तर त्यातही गाभाऱ्याबाहेरच्या गोष्टीच जास्त आहेत. घाट, कुंड, बारव, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया, सावलीची झाडे.

त्यामागे साधा हिशेब होता. यात्रेकरू आठवडेच्या आठवडे पायी चालत येत. त्याला रात्री निवारा, दिवसा पाणी आणि एक वेळचे जेवण लागते. नदीकाठी उतरायला पायऱ्या नसतील तर पावसाळ्यात माणसे घसरून बुडतात. स्त्रियांना कपडे बदलायला आडोसा लागतो. महेश्वरचे घाट पाहिले की हे लक्षात येते. रुंद पायऱ्या, मध्ये थांबायला टप्पे, काठावर लहान देवळ्या आणि पूर झेलण्यासाठी भक्कम दगडी तट. काशीतही मणिकर्णिका घाटाचे काम त्यांनी केले आणि त्यांच्या नावाचा अहिल्या घाट आजही तिथे आहे.

मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात पाण्याची सोय देवळाइतकीच मोलाची. परभणी जिल्ह्यात ही परंपरा आधीपासूनच होती. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव किंवा चारठाण्याची बारव त्याची साक्ष देतात. बारवेच्या पायऱ्यांमुळे पाणी कितीही खाली गेले तरी माणूस तिथपर्यंत पोहोचतो. अहिल्याबाईंनी वाटांवर आणि तीर्थांवर अशा अनेक बारवा, विहिरी बांधल्या किंवा दुरुस्त केल्या.

तिसरा भाग रोजच्या खर्चाचा. मंदिर बांधून झाले की पूजा, दिवाबत्ती, नैवेद्य, पुजाऱ्याचा चरितार्थ, डागडुजी हे सगळे सुरू होते. त्यासाठी त्या कायमची नेमणूक करून देत, म्हणजे ठरावीक उत्पन्न त्या देवस्थानाच्या नावे लावले जाई. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या पाण्याच्या कावडी पाठवण्याची व्यवस्थाही त्यांनी लावली होती.

पैसा कुठून आला?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे, खासगी. होळकरांच्या राज्याचे उत्पन्न दोन खात्यांत विभागलेले होते. एक दौलत, म्हणजे फौज आणि राज्यकारभारासाठीचे सरकारी उत्पन्न. दुसरे खासगी, म्हणजे घरातील राणीच्या स्वतःच्या अधिकारातील उत्पन्न.

१७३४ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही महाल स्वतंत्रपणे लावून दिले. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. गौतमाबाईंनंतर ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी ते महाल नीट सांभाळले, उत्पन्न वाढवले आणि मंदिरे, घाट, धर्मशाळांचा खर्च याच खात्यातून केला. फौजेच्या पैशाला त्यासाठी हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक होता.

हा केवळ हिशेबाचा मुद्दा नाही. स्वतःच्या अधिकारातला पैसा असल्यामुळे त्यांना पुण्याची परवानगी लागत नव्हती, लढाई हरली म्हणून काम थांबत नव्हते आणि दुसऱ्याच्या राज्यात बांधताना ती राजकीय चाल ठरत नव्हती. एक विधवा स्त्री धर्मकार्य करते आहे, याला विरोध करणे कुणालाही अवघड होते.

त्यांच्यावर टीका झाली का?

झाली. तुकोजीराव फौजेसह उत्तरेत असत आणि त्यांच्याकडून पैशाची मागणी सतत येई. अहिल्याबाई हिशेब मागत, तुकोजीराव नाराज होत. दोघांमधला हा ताण अखेरपर्यंत राहिला.

त्याच काळात महादजी शिंदे कवायती फौज आणि आधुनिक तोफखाना उभा करत होते. होळकर त्यात मागे पडले. १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या फौजेचा मोठा पराभव केला. देवळांवर केलेला खर्च लष्करावर केला असता तर चित्र वेगळे असते, असा सूर नंतरच्या काही अभ्यासकांनी लावला आहे.

दुसरी बाजू अशी की त्यांच्या २८ वर्षांच्या कारभारात माळव्यात तुलनेने शांतता होती. वसूल नियमित येत होता आणि इंदूर हे लहान ठाणे व्यापारी शहर म्हणून वाढू लागले होते. महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. महेश्वरी साडीचा धंदा तिथून उभा राहिला आणि आजही त्या गावाचे पोट त्यावर चालते. त्यांच्या पश्चात काही वर्षांतच माळवा लुटालुटीत सापडला. त्यानंतर तिथे आलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने गावोगावच्या लोकांकडून माहिती घेतली आणि अहिल्याबाईंच्या काळाची आठवण लोक किती आदराने काढतात, हे आपल्या ग्रंथात नोंदवले.

अखेरची वर्षे कशी गेली?

घरातले दुःख त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आले. सासू, सासरे, पती आणि मुलगा आधीच गेले होते. मुक्ताबाईचा मुलगा नथोबा हा नातू त्यांचा मोठा आधार होता. तोही तरुणपणीच वारला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले आणि मुक्ताबाई सती गेल्या. मल्हाररावांनी अहिल्याबाईंना थांबवले होते, पण लेकीला थांबवणे त्यांना जमले नाही. महेश्वरला नर्मदेकाठी त्यांनी मुक्ताबाईंचे स्मारक उभारले.

राजधानीतले त्यांचे स्वतःचे राहणे साधे होते. महेश्वरचा राजवाडा पाहणाऱ्याला हे आजही जाणवते. लाकडी खांबांचा, मधे चौक असलेला तो एक मराठी वाडा आहे. ज्यांनी देशभर शिखरे उभी केली, त्यांच्या घराला ना घुमट ना संगमरवर.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

पुढे या वास्तूंचे काय झाले?

इथून गोष्ट आजपर्यंत येते. होळकर संस्थान स्वतंत्र भारतात विलीन झाल्यानंतर अहिल्याबाईंच्या धर्मादाय मालमत्ता सांभाळण्यासाठी १९६२ मध्ये इंदूर येथे खासगी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे वेगवेगळ्या राज्यांतील २४६ मालमत्ता होत्या. त्यात मंदिरे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा आणि कुंडे होती.

यातील काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला आणि तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ट्रस्टला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू असल्याचे स्पष्ट केले. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लावून दिलेली व्यवस्था कुणाच्या देखरेखीखाली राहणार, हा प्रश्न अशा रीतीने आपल्याच काळात न्यायालयासमोर आला.

मंदिरांच्या वास्तूही बदलत गेल्या. सोमनाथला स्वातंत्र्यानंतर मूळ जागेवरचे अवशेष हटवून संपूर्ण नवे मंदिर बांधण्यात आले. त्याचा आराखडा स्थपती प्रभाशंकर सोमपुरा यांचा होता आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली. अहिल्याबाईंचे मंदिर मात्र शेजारी तसेच राहिले आणि तिथली पूजा सुरू आहे.

काशीत १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामचे उद्घाटन झाले. सुमारे ३ हजार चौरस फुटांचा परिसर जवळपास ५ लाख चौरस फुटांचा झाला आणि मंदिरापासून गंगेपर्यंत मोकळी वाट झाली. त्यासाठी मधली शेकडो घरे आणि इमारती घेऊन पाडण्यात आल्या. मधोमध असलेले मूळ मंदिर अहिल्याबाईंचेच आहे आणि नव्या परिसरात त्यांचा पुतळाही बसवण्यात आला आहे.

आजच्या आराखड्यांसाठी यात काय आहे?

अहिल्याबाईंच्या कामातून तीन साधे निकष निघतात आणि कोणत्याही मंदिर परिसराच्या आराखड्याला ते लावून पाहता येतात.

पहिला, जे उभे आहे त्याचे काय होणार? जुना दगड धुऊन-घासून, रंग देऊन किंवा संगमरवरी फरशीखाली झाकून टाकला जाणार, की तो जसा आहे तसा दिसत राहणार? औंढ्यात जुने आणि नवे वेगळे ओळखू येते म्हणूनच आज आपल्याला मंदिराचा इतिहास भिंतीवर वाचता येतो.

दुसरा, खर्चाचा किती भाग गाभाऱ्यापासून दूर असलेल्या माणसासाठी आहे? पाणी, सावली, स्वच्छतागृह, मुक्काम आणि गर्दीतून सुखरूप बाहेर पडण्याची वाट. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला औंढ्यासारख्या ठिकाणी अरुंद पायऱ्यांच्या गाभाऱ्यात हजारो माणसे उतरतात, तेव्हा हा प्रश्न शोभेचा राहत नाही, सुरक्षेचा होतो.

तिसरा, उद्घाटनानंतरच्या वर्षांचा पैसा कुठे आहे? बांधकामाची रक्कम जाहीर होते. दरवर्षी गळती काढायला, गाळ उपसायला, चुना भरायला लागणारी रक्कम क्वचितच कुणी विचारतो. अहिल्याबाईंनी ती आधी ठरवली आणि मग पाया खणला.

परभणी आणि हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांत आजही अनेक यादवकालीन मंदिरे शिखराविना उभी आहेत, अनेक बारवा गाळाने भरल्या आहेत. त्यांच्यासाठी शेकडो कोटींचा आराखडा लागणार नाही. पडलेले दगड मोजून ठेवणारा एक माणूस, चुन्याचे काम जाणणारा एक गवंडी आणि दरवर्षी न चुकता येणारी थोडी रक्कम, एवढ्यावर त्यातली बरीचशी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकतात.